‘पण’ म्हणायला बंदी होती

प्रमोद घाबरट होता. तसाच राहिला असता, तर आज असता.

आज त्याचा स्मृतिदिन. दरवर्षी लिहायला बसते आणि खोडते. यंदा खोडणार नाही.

नाशिकला आम्ही एकाच लॅबमध्ये होतो. मी एमएस्सीला, तो पीएचडीला. वायनरीच्या चोथ्यात द्राक्षाच्या बिया वाया जायच्या, त्यांतून तो हेक्झेन वापरून तेल काढायचा.

हेक्झेन म्हणजे पेट्रोलचाच भाऊबंद. वाफ दिसत नाही, जमिनीलगत पसरते, आणि एक ठिणगी पुरते.

कोणी दिव्याच्या बटणाला हात लावला की हा ओरडायचा.

“ए बाई! आधी खिडकी. मग वास घे. मग बटण!”

आम्ही त्याला ‘खिडकी’च म्हणायचो.

मग उद्योजकता प्रशिक्षण आलं. दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. संशोधन कपाटात कुजवू नका, कंपनी काढा, असं वारं होतं. आम्ही दोघांनी नाव दिलं.

तिथे शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. ‘पण’ म्हणायचं नाही.

जो म्हणेल त्याने उभं राहायचं. तो “करणारच!” म्हणेपर्यंत बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

पहिल्या दिवशी सर्वांत जास्त वेळा प्रमोद उभा राहिला.

“सर, लॅबमध्ये ठीक आहे, पण मोठ्या प्लँटमध्ये वाफ...”

टाळ्या.

“पण सर, मी सेफ्टीचं बोलतोय.”

आणखी टाळ्या. मागून कोणीतरी ओरडलं, “बस कर रे खिडकी, जेवायला जायचंय!” सगळा हॉल हसला. शेवटी तोही हसला.

“करणारच!”

त्यानंतर कोर्स संपेपर्यंत त्याला उभं राहावं लागलं नाही.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्याने तेलाच्या प्लँटसाठी गाळा घेतला. एकदा बघायला गेले. आत शिरताच हेक्झेनच्या वासाने डोकं जड झालं. भिंतीत साधा, घरगुती एक्झॉस्ट फॅन.

“हा? इथे ठिणगी न पडणारा लागतो ना?”

“ऑर्डर दिलीय. येईल.”

“मग तोवर थांब की.”

“अगं, सर नवी बॅच घेऊन येतायत. सक्सेस स्टोरी बघायला. बंद प्लँट दाखवू त्यांना?”

“पण प्रमोद...”

त्याने माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

एकटाच. पत्र्याच्या शेडमध्ये त्या फार मोठ्या वाटल्या.

मी ‘करणारच’ म्हणाले नाही. तो थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.

बॅच निघाली त्या सकाळी मीही बसमध्ये होते. जुनी विद्यार्थिनी म्हणून सरांनी बोलावलं होतं. मुलं भेंड्या खेळत होती. वसाहतीच्या रस्त्याला लागल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “ते काय पेटलंय हो तिकडं?”

भेंड्या थांबल्या. मला विचारावं लागलं नाही.

आम्ही पोहोचू तेव्हा प्लँट चालू दिसावा म्हणून तो लवकर आला होता. तोच पंखा सुरू केला असावा, असं तपासणीवाले नंतर म्हणाले.

प्रशिक्षणाने त्याला मारलं, असं मी म्हणणार नाही. त्याच हॉलमधले काहीजण आज उत्तम कारखाने चालवतात. सर वाईट नव्हते. आणि हेक्झेनचं प्रमोदला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

मग?

या ‘मग’पाशी मी दरवर्षी अडते.

दहाव्यानंतर सर नाशिक रोडला त्याच्या घरी आले. मीही होते. प्रमोदच्या आईने त्यांना पाणी दिलं. समोर बसल्या. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

“सर, तुम्ही काय शिकवलंत हो त्याला? तुमच्याकडून यायचा तेव्हा फार खुशीत असायचा.”

सरांनी पेला खाली ठेवला.

काकू वाट बघत बसल्या. मुलाबद्दल काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून.

प्रमोद, शांत राहा रे. आठवण आहे.