डाव्या बुटाची पाचर

बूटवाले, हे पत्र तुमच्या लेकीच्या पत्त्यावर टाकायचं की नाही, ते अजून ठरत नाही. लांबण तुम्हालाही माझ्याइतकीच नकोशी. म्हणून त्रयस्थाची गोष्ट सांगावी तसं लिहिते.

जिन्याखालच्या टपरीत एक माणूस एकतीस वर्षं स्टुलावर बसून बूट दुरुस्त करत होता. बूट उलटा करून तळ पाहिला की त्या बुटाचा मालक कुठल्या पायाला जपतो, ते त्याला कळे. बायको दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा लेकीचा फोन आला. "एवढी टाच ठोकतो आणि निघतो," तो म्हणाला. टाच ठोकून होईपर्यंत बायको गेली.

लेक नर्स. तिने बोलणं तोडलं नाही, एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी कोणासाठी त्या स्टुलावरून उठलात?"

दोन वर्षांनी शहरात मॅरेथॉन ठरली. पस्तिसाव्या किलोमीटरवरच्या प्रथमोपचाराच्या तंबूत लेकीची ड्यूटी होती, हे तिच्याच बोलण्यात आलं. छप्पन्न वर्षांच्या या गृहस्थाने गुपचूप नाव घातलं. पळत जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं, बस्स.

पहिल्याच महिन्यात अंगाचा सांधा न् सांधा बोलू लागला. पोटऱ्यांत गोळे, पाठ लाकडासारखी. बर्फाच्या बादलीत पाय बुडवून तो दातओठ खात बसे. पळताना जीव मेटाकुटीला आला की स्वतःला सांगे, पुढच्या खांबापर्यंत. खांब आला की त्याच्या पुढच्या.

"काका, लोकांचे बूट झिजेनात म्हणून स्वतःचे झिजवताय का?" गिऱ्हाइकं विचारत.

"तुमचे कधी झिजायचे? तुम्ही उठता कुठे!" म्हणायचा, आणि पुढचा बूट उलटा करायचा.

पाचव्या महिन्यात डाव्या जांघेत ठणका सुरू झाला. धावणाऱ्यांच्या गटाच्या प्रशिक्षकाचा एकच नियम होता. "दुखलं तरी चालेल. लंगडलात की घरी बसायचं."

त्या संध्याकाळी त्याने स्वतःचा बूट उलटा केला. डाव्याची बाहेरची कड साफ गेली होती. गिऱ्हाइकाचा बूट असता तर "आधी डॉक्टर गाठा" म्हणाला असता. स्वतःच्या बुटाला त्याने रबराची पाचर चिकटवली, कानस मारून तळ सारखा केला. दुसऱ्या दिवशी न लंगडता, सरळ रेघेत पळाला.

"शाब्बास काका!" प्रशिक्षक ओरडला.

शरीर जो भार चुकवत होतं, तो या शहाण्याने कसबाने पुन्हा त्याच हाडावर नेऊन ठेवला.

ठणका झोपू देईना, तेव्हा एकदाचा हाडाचा फोटो काढला. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार, शर्यत रविवारी. तो वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे पावती घेऊन आला.

"बाई, तुमचं फिरणं तिकडूनच. तेवढा रिपोर्ट आणाल?"

"तुम्हाला काय झालं आणायला?"

"मी आणला तर लपवीन. तुम्ही आणा, तुम्हीच वाचा. नको म्हणालात तर नाही पळणार. तुमच्यापुढे जायची माझी टाप आहे का?"

रविवारी तो पळाला. एकतिसाव्या किलोमीटरवर खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचर आलं ते दुसऱ्याच तंबूतून. लेकीला संध्याकाळी कळलं.

"कोणी सांगितलं होतं हे, बाबा?"

"उठलो होतो गं," तो म्हणाला.

खुबा नीट जुळला नाही, टपरी बंद झाली. आता लेक ड्यूटीवर जाताना त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवून जाते, आणि आल्यावर उठवते.

बूटवाले, शुक्रवारी मी त्या रिपोर्टवाल्यांच्या दारावरून गेले. आत रांग होती. रांगेत मला उभं राहवत नाही. म्हटलं, उद्या. शनिवारी ते बंद असतं. तुम्ही जिन्यात भेटलात, विचारलं नाहीत. मी सांगितलं नाही. मी गप्प, म्हणजे पळायला हरकत नाही, असं तुम्ही धरलंत.

पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे.