जुलैत सुट्टी न घेणारी नोरीन

नॉटिंगहॅममध्ये ऊन पडायचं ते जुलैत, त्यामुळे तेव्हाच्या रजेसाठी वॉर्डात भांडणं होत. सिस्टर नोरीन मात्र जुलैत जादा ड्यूट्या मागून घ्यायची. मी मिरजेहून तिथे डॉक्टर म्हणून नुकतीच आले होते, ऐंशीच्या दशकात. न राहवून कारण विचारलं.

"जुलैत माझ्या गावात ढोल वाजतात, पोरी," ती म्हणाली. "इथे ऐकू येत नाहीत, पण मला येतात."

गाव उत्तर आयर्लंडमधलं. तीनशे वर्षांपूर्वी एक कॅथलिक राजा आणि त्याचा प्रोटेस्टंट जावई इंग्लंडच्या गादीसाठी लढले. जावई जिंकला. त्याच्या विजयाची मिरवणूक प्रोटेस्टंट लोक अजून दर जुलैत ढोल वाजवत काढतात, आणि कॅथलिक दारं लावून बसतात. "सासरा-जावयाचं भांडण," नोरीन म्हणायची, "आणि मिटवायला घरात एक शहाणी बाई नव्हती!"

ती कॅथलिक. नवरा बिली प्रोटेस्टंट. त्या जिंकलेल्या राजालाही लोक बिलीच म्हणत, त्याच्यावरूनच याचं नाव ठेवलेलं. लग्नाला दोन्ही घरांतून कुणी आलं नाही. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "दुसऱ्या कुठल्या नावाचा मिळाला नाही का?" दोघं बोटीत बसून इकडे इंग्लंडात आली. बिली बस चालवायचा. माझ्याकडे जेवायला आला की लसणाच्या चटणीनं डोळ्यांत पाणी यायचं, तरी पुन्हा मागायचा. मूलबाळ नव्हतं. "बरंच झालं," नोरीन एकदा म्हणाली, "नाहीतर त्याला कोणत्या देवळात न्यायचं यावर आणखी एक लढाई झाली असती." हे बोलताना ती हसली नाही.

नव्वद सालानंतर बिलीला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. आमच्याच वॉर्डात होता. त्यानं एकच मागितलं: मला आईशेजारी पुरा. नोरीननं त्याच्या भावाला, सॅमला, फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"आणि त्याच्या शेजारी माझी जागा?" तिनं विचारलं. मग फोन खाली ठेवला.

"तो म्हणतो, तुमच्या लोकांची स्मशानं वेगळी आहेत."

"मग बिलीला इथेच ठेव ना," मी म्हणाले. "दोघांना एकत्र जागा मिळेल."

"मरणाऱ्या माणसाला शब्द दिलाय. त्यात माझी सोय कुठे बघू?"

बिली गेला तो नेमका जुलैत. मी तिच्याबरोबर त्यांच्या गावी गेले. स्मशानाच्या अलीकडे पोलिसांनी शवपेटीची गाडी अडवली. मिरवणूक जायची होती. ढोल इतके जवळ आले की आमच्या गाडीच्या काचा थरथरू लागल्या. मिरवणुकीतल्या नारिंगी पट्टे घातलेल्या माणसांत सॅम होता. मिरवणूक संपली की स्मशानात येतो, असं त्यानं कळवलं होतं. नोरीननं काच खाली केली.

"सॅम! बिली आहे रे पुढच्या गाडीत!"

त्यानं वळून पाहिलं. टोपी काढून छातीशी धरली. पण पाय थांबले नाहीत. रांगेबरोबर तो पुढे निघून गेला. कोवळा पोलीस ओशाळून म्हणाला, "थोडाच वेळ, मॅडम." नोरीननं काच वर केली. सगळी औषधं पाठ असलेली मी नुसता तिचा हात धरून बसले.

काही वर्षांनी नोरीनही गेली, झोपेतच. मी धीर करून सॅमला फोन केला. तिला बिलीजवळ आणू का, म्हणून विचारलं. म्हातारा झाल्याचं त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"आणा म्हणायला माझं काय जातं, डॉक्टर," तो म्हणाला. "पण इथले लोक तिच्या थडग्यावरचा दगड आठवडाभरही उभा राहू देणार नाहीत. मी तरी किती राखण करू?"



नोरीनला आम्ही नॉटिंगहॅममध्ये पुरलं. शेजारची जागा रिकामी आहे.