जीवरामभाऊंना वाढलेला रिलक्टंट

कुंदाबाई बी.ए. झालेल्या. त्यामुळे पोरीच्या इंग्रजीची काळजी त्यांना साक्रीतल्या चार बायांपेक्षा जास्तच. एक्क्याण्णवच्या जूनमध्ये पुष्पाची जळगावला तोंडी परीक्षा होती. विचारलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगून तो वाक्यात वापरायचा. जमलं तर मास्तरणीच्या शिक्षणाला प्रवेश, नाहीतर आत्याने आणलेलं स्थळ दारात उभंच होतं.

बाकीचे शब्द झाले, पण ‘रिलक्टंट’ काही पुष्पाच्या डोक्यात बसेना. शब्दकोश म्हणे ‘अनिच्छुक’. असा माणूस मी पाहिलाच नाही, असं तिचं म्हणणं.

त्याच दुपारी कुंदाबाईंचे थोरले भाऊ, जीवराम, पिंपळनेरहून आले. खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे होते, आमरस होता. कुंदाबाईंनी आणखी एक मांडा पुढे केला तसे भाऊंनी ताटावर हात आडवे धरले.

“नको वं कुंदा, पोट भरी गयं.”

“बघ, हा रिलक्टंट,” कुंदाबाई म्हणाल्या.

पुष्पाने वाकून पाहिलं. “मामांची बोटं फाकलेली आहेत. त्यांना हवाय.”

खरंच होतं. खानदेशात पहिला नकार कोणी मोजत नाही. तेव्हा खरा नकार येईपर्यंत वाढायचं ठरलं. कुंदाबाई खापरासमोरून उठेनात. शेजारच्या केसरबाईंकडून पुरण आलं. पुष्पा मामांसमोर बसून डॉक्टरसारखी त्यांचा चेहरा न्याहाळत होती. भाऊंनी धोतर सैल केलं, डोळे मिटले, पण नकार काही येईना. उलट म्हणाले, “वाढ.”

“भाऊ, आता पुरे की.”

“पोरनी परीक्षा शे ना? मी नको म्हनू आनि ती नापास व्हयनी तं?”

पुष्पा एकदम ताठ बसली. म्हणजे रिलक्टंट माणूस नको म्हणतच नाही. मन नसतं, तरी करतो.

“आई, मला वाक्य आलं. मला जळगावला पाठवायला तू रिलक्टंट आहेस.”

“मी कुठे नको म्हणतेय?”

“तेच तर.”

जळगावला नेमका तोच शब्द निघाला आणि पुष्पाने आईवरचं तेच वाक्य इंग्रजीत म्हटलं. प्रवेश मिळाला. वसतिगृहाला निघायच्या दिवशी कुंदाबाईंनी ट्रंक भरली, उपसली, पुन्हा भरली. तोवर सकाळची एस.टी. निघून गेली होती.