चालत्या मशीनवरच्या बाया

कायदा आमच्या भल्यासाठी होता म्हणतात. असेल बाबा! स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. चिंचवडला नटबोल्टचा कारखाना निघाला होता आणि मी नि माझी धाकटी जाऊ तिथं चालत्या मशीनवरचा लोखंडाचा कीस पुसायचो. चालत्या मशीनला बाईनं हात लावायचा नाही, हा सरकारचा कायदा. पुसायला मशीन थांबवलं तर माल कमी निघतो, हा मालकाचा. आम्ही मालकाचा पाळायचो, कारण चूल त्याच्यावर पेटायची.

इन्स्पेक्टर यायचा असला की मुकादम ओरडायचा, "बायांनो, पळा!" मग मागच्या दारानं शेजारच्या भुईमुगात जाऊन आम्ही खुरपत बसायचो, शेतावरच्या बाया असल्यासारख्या. त्या शेतवाल्याची चंगळ, फुकटात खुरपणी! अस्सा संताप यायचा, पण सांगता कुणाला?

एक दिवस जावेचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला. सोडवायला हात घातला, तर उजव्या हाताची बोटं गेली. ती दवाखान्यातून आली तशी मी तिला मॅनेजरपुढं उभी केली. म्हटलं, डाव्या हातानं होईल असं बसून करायचं काम द्या. तो पान चघळत म्हणाला, "बाई, मशीनवर बायांना बंदी आहे. मग ही तिथं असेलच कशी? शेतात विळा लागला असेल."

"अवो, रगत तुमच्या मशीनला लागलंवतं! पुसायला मलाच लावलंत की!"

त्यानं फाईल उघडली. मी म्हणजे भिंतच जणू.

पुढच्या वेळी मुकादमानं हाक दिली, तर मी जागची हललेच नाही. इन्स्पेक्टरला सगळं सांगितलं, जावेला घरून आणून तिचा हात दाखवला. माणूस भला होता. मॅनेजरला चांगला फैलावर घेतला. मला वाटलं, लागला आता निकाल.

लागला की! आठवड्याच्या आत सगळ्या बायांना कामावरून काढलं. "कायदा पाळायला नको का?" मॅनेजर म्हणाला. जावेचं विचारलं, तर चौकशी चालू आहे. कसली डोंबलाची चौकशी!

"लई शानी! आमच्या पोटावर पाय दिलास," बाया मला म्हणाल्या. तणतणत घरी आले आणि जावेला सगळं सांगितलं.

"मंजी आक्का," ती म्हणाली, "आता माझ्यासंगं तुमी समद्याच थोट्या."