लेकीच्या जागी

शिंप्याची लेक सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा त्याच्या ओंजळीत मावायची. म्हणून घरात सगळे तिला चिमणी म्हणत. चौदाव्या वर्षी तिचं वजन आईपेक्षा जास्त भरलं आणि तेच नाव तिला बोचू लागलं. हाक मारली तरी ती ओ द्यायची नाही.

तिचा गणवेश बापच शिवायचा. शिवताना शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची भरपूर माया सोडायचा आणि घट्ट व्हायला लागला की तिच्या नकळत उसवून सैल करून ठेवायचा. तिला कळायचं. बोलायचं कुणीच नाही.

पुढे रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी तिचं नाव फोनवरच्या व्यायामवर्गात घातलं. दूरच्या शहरातली एक ताई संध्याकाळी व्यायाम घ्यायची. पडद्यावरच्या चौकटींत तिच्यासारखीच अंगाने जाड मुलंमुली असायची. कॅमेरा चालू हवा, आणि सारखी दांडी मारली तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार, अशी अट होती.

"मी एकटी नाही करणार," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही पण करा."

शिंपी हाडकुळा. जन्मभर मशीनवर वाकून पाठीची कमान झालेली. दुकानाचं शटर ओढून, मशीनला फोन टेकवून दोघं उभी राहिली. पहिल्याच उठाबशीला त्याचा तोल गेला आणि तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

"काय पडलं हो?" वरच्या खोलीतून आई ओरडली.

"बाबा पडले!" लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. पडद्यावरची मुलंही हसली. त्या दिवसापासून संध्याकाळ कधी होते, याची ती वाट बघू लागली.

मग त्या मुलांपैकीच एकाने तिचा उड्या मारतानाचा व्हिडिओ काढून पसरवला. तो फिरत फिरत तिच्या शाळेत पोचला. ती घरी आली, आईला एवढंच सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ताईने माफी मागितली, त्या मुलाला काढून टाकलं. पण लेक काही खाली उतरेना.

"ती येईपर्यंत तिच्या जागी मी केलं तर चालेल?" शिंप्याने विचारलं.

ताई म्हणाली, "नियमात बसत नाही, मास्तर. पण लावा फोन."

तो एकटा करू लागला. गुडघे कुरकुरायचे, धाप लागायची. मुलं त्याला काका म्हणू लागली. रोज शटर ओढताना तो जिन्याकडे बघायचा, की आज तरी पाऊल वाजेल.

एके दिवशी ती खरंच आली. जिन्याच्या अर्ध्यात थांबली.

"बाबा, नका ना करू."

"अगं, तुझी जागा जाईल म्हणून..."

"खालून धपधप ऐकू आली की मला वाटतं, माझं काय चुकतंय ते तुम्ही रोज सांगताय. मला नको ती जागा."

आपण इतके दिवस तिच्यासाठी राबतोय असं शिंप्याला वाटत होतं. त्याने फोन हातात घेतला आणि ताईला म्हणाला, "ताई, द्या आता दुसऱ्या कुणाला तरी."

परीक्षा झाल्यावर तिने मावशीच्या गावी शिकायचं ठरवलं. कुणी अडवलं नाही. शिंपी तिला बसवर सोडायला गेला. ती खिडकीशी बसली. बस भरत आली होती. एक बाई तिच्या शेजारच्या जागेपाशी थांबली, तिच्याकडे बघितलं आणि पुढे जाऊन दांडा धरून उभी राहिली. लेकीने मांडीवरची पिशवी उचलून त्या रिकाम्या जागेवर ठेवली, जणू ती जागा तिनेच अडवून ठेवली होती.

शिंप्याने खालून ते पाहिलं. तिने पाहिलं की बाबांनी पाहिलं. दोघांनी हात हलवला. बस निघाली.