दोनदा उकळलेलं पाणी

हाओ त्साइश्याबाईंनी आयुष्यभर पाणीच उकळलं. उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या एका सूतगिरणीत कामगारांचे थर्मास भरून देण्याच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. दर दोन महिन्यांनी बॉयलर थंड करून आतली पांढरी पुटं हातोडीनं ठोकून काढावी लागत. बाकीच्या बायका शिव्या घालत ते काम उरकायच्या. ह्या मात्र एकेक खपली उजेडात धरून बघत बसायच्या. "एवढा दगड पाण्यात मावतो कुठे?" असं त्यांनी एकदा इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "बाई, रांग पुढे सरकू द्या."

त्या खोलीचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. एकदा उकळून निवलेलं पाणी पुन्हा उकळायचं नाही. ते विष होतं, असं आई सांगे, डॉक्टर सांगे, शेजारीण सांगे. बाईंनी असं पाणी बादल्याच्या बादल्या मोरीत ओतलं होतं.

निवृत्त झाल्यावर हे सगळं मागे पडलं असतं. पण मुलानं दूर दक्षिणेतल्या फूच्येनची बायको केली. यूछिंग गुणी पोर, पण चहाच्या बाबतीत भलती नाजूक. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ती सासरी राहायला आली, तेव्हा माहेरचा चहा घेऊनच आली. दिवसाला दोनच छोटे कप, तेवढी डॉक्टरांची परवानगी होती. पहिला कप ओतला तर काळपट रंग आणि वर तवंग. तिनं एक घोट घेतला आणि कप अलगद बाजूला ठेवला.

"आई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण तुमच्या पाण्यात चहा मरतो."

"आम्ही जड पाण्याची माणसं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर ते पचायला घासाघासाला व्हिनेगर लागतं. तुलाही हळूहळू चालेल."

यूछिंगला काही ते चाललं नाही. तिकडून तिच्या आईचे रोज फोन येऊ लागले. असलं पाणी पिऊन बाळंतीण सावरायची कशी, त्यापेक्षा माहेरीच ये, तिकीट काढते. बाळंतपणानंतरचा महिना सासूनंच करायचा, ही तिथली रीत. सून त्याच वेळी निघून गेली तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. पण बाईंना खरी धास्ती गल्लीची नव्हती. त्यांना नातवंड बघायचं होतं, पहिल्या दिवसापासून, आपल्या हातांनी.

त्या किटलीशी जाऊन बसल्या. बुडाशी पांढरं साचलं होतं. बॉयलरमध्येही ते उकळल्यावरच साचायचं. म्हणजे जे बुडाला बसलं, ते पाण्यातून गेलंच ना? त्यांनी पाणी चांगलं पंधरा मिनिटं खदखदवलं, झाकून निवू दिलं, वरचं तेवढं फडक्यातून ओतून घेतलं. आता चहासाठी ते पुन्हा उकळायला हवं होतं. इथे त्यांचा हात थांबला. पोटुशीला हे द्यायचं कसं?

मग त्यांनी ते स्वतःच प्यायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या नवऱ्यानं, लाओ वननं, त्यांना पकडलं. "अगं, पुन्हा उकळतेस? साठी उलटली नि बुद्धी नाठी झाली की काय?"

"बघतेय, काय होतं ते."

"आणि झालं काही तर?"

"तर हिवाळ्यात शोधत बसू नकोस, तुझ्या जाड रजया वरच्या फळीवर आहेत," बाई म्हणाल्या. "आणि सुनेजवळ अवाक्षर काढायचं नाही."

सतरा दिवस त्या पीत राहिल्या. रोज सकाळी आरशात जीभ बघायच्या, नखं बघायच्या. रात्री पोटात जरा गुडगुडलं तरी उठून बसायच्या. झालं काहीच नाही. अठराव्या सकाळी त्यांनी त्या पाण्याचा चहा सुनेपुढे ठेवला. रंग मधासारखा, वर तवंग नाही. यूछिंगनं कप उचलला आणि बाईंना राहवलं नाही.

"थांब. पाणी दोनदा उकळलंय. सतरा दिवस मी पितेय, मला काही झालं नाही. तरी नको वाटलं तर ठेव खाली."

यूछिंग म्हणाली, "आई, आमच्याकडे चहाची किटली दिवसभर शेगडीवरच असते. तेच पाणी पुन्हापुन्हा उकळतं. माझी आजी ब्याण्णव वर्षांची आहे."

बाईंना हसावं की रडावं कळेना. "म्हणजे मी उगाचच मरणाची तयारी करत होते?"

"तुम्हाला ते विष वाटत होतं," यूछिंग सावकाश म्हणाली, "आणि तरी प्यायलात?"

"तुला द्यायच्या आधी कळायला नको?"

यूछिंगनं चहा संपवला, कप पुन्हा पुढे केला आणि दुसऱ्या हातानं माहेरी फोन लावला. "आई, माझं तिकीट काढू नकोस," ती म्हणाली. "तुझं काढ. बाळ इथेच होईल."