भीमाच्या आईचं नाणं

आमचे दाजी, म्हणजे राजश्रीताईचे यजमान यशपाल, नोकरीने वजनमापे निरीक्षक होते आणि स्वभावाने अजून आहेत. एकतीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांचे काटे तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच्यांशिवाय कोणी उरलं नाही. ताईने आणलेली पाव किलो मिरची ते आजही घरी मोजतात. जुळे सोलापुरातला आमचा भाजीवाला त्यांना लांबून बघूनच चार गवारी जास्त टाकतो, तर दाजी त्या काढून परत देतात. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नाही, हे मी मेहुण्याच्या हक्काने त्यांना तोंडावर सांगत आलो आहे. ते म्हणतात, "तुझी बहीण कुठं तक्रार करते?" तिला तक्रार करायची गरजच काय, त्या कामाला मी आहे.

दाजींना दुसरा नाद रोमन चांदीच्या नाण्यांचा. तो नोकरीतच लागला. एका सराफाचा काटा तपासताना मोडीच्या ताटलीत, तुटक्या पैंजणांमध्ये, त्यांना एक गोल तुकडा दिसला. त्यावर एका माणसाचं मुंडकं होतं, आणि असलं नाक आपल्याकडच्या राजाचं नसतं एवढं त्यांना कळलं. मग भिंग आलं, पुस्तकं आली, नाजूक काटा आला. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडची जहाजं इकडचा माल न्यायला यायची आणि चांदी ठेवून जायची. त्यातली थोडी अजून आपल्या मुलखात कुणाच्या गळ्यात, कुणाच्या देव्हाऱ्यात आहे. मोडीत असं काही आलं की आटवायच्या आधी सराफ दाजींना फोन करायचे. अशी पंचवीस वर्षांत सात नाणी जमली. आपलं नाणं खरं की खोटं, किती किमतीचं, हे विचारायला लोक घरी येऊ लागले. दाजी फुकट सांगायचे, आणि एकदा सांगितलेलं कधी बदलायचे नाहीत.

त्यांच्या डब्यात आठवंही एक नाणं होतं. ते खोटं, आणि ते भीमाचं.

भीमा मंद्रूपचा. खात्याच्या तपासणीच्या वजनांची जड पेटी उचलायला तो रोजंदारीवर असायचा. वीसेक वर्षं ही जोडी आठवडी बाजारांतून फिरली, पुढे दाजी आणि मागे पेटी घेतलेला भीमा. बारा वर्षांपूर्वी एकदा त्याने रुमालात बांधून एक नाणं आणलं. त्याच्या शालनला बारावीला चांगले मार्क पडले होते, नर्सिंगला नंबर लागला होता आणि फी भरायची होती. घरात विकण्याजोगं तेवढंच होतं.

दाजींनी नाणं काट्यावर ठेवलं. जेमतेम तीन ग्रॅम. टायबेरियस नावाच्या त्या बादशहाचं नाणं पावणेचारच्या आसपास भरायला हवं. कडेवर कानशीने घासल्याची खूण होती. खरं नाणं हातोड्याने ठसा मारून केलेलं असतं. खोटं साच्यात ओततात, मग कडेला साच्याचा सांधा राहतो आणि तो लपवायला कानस मारतात. वजन कमी आणि कडेला कानस, एवढं दाजींना पुरलं. "ओतीव आहे, भीमा," ते म्हणाले. "खोटं आहे."

निकालाला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी स्वतःच्या खिशातून फी देऊ केली, हेही सांगायला हवं. मी तिथेच बसलो होतो. भीमा म्हणाला, "वस्तू इकून पैसं घ्यायचं निराळं, सायेब. मागून नगं." नाणं त्याने दाजींकडेच ठेवलं, शालनची जागा गेली. आज ती मंद्रूपच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते.

गेली आठ-नऊ वर्षं दाजी शाळांमधून आपली नाणी दाखवत फिरतात. खोटं कसं ओळखायचं, हा त्यातला मुलांचा आवडता भाग. भीमा नाण्यांचं ताट घेऊन रांगांमधून जातो, मुलं बोट ठेवतात, दाजी ते झिजकं नाणं उचलतात आणि भीमा हात वर करून म्हणतो, "माजंच हाय ते." मुलं हसतात. भीमाही हसतो. मीही कितीतरी वेळा हसलो आहे, आणि आता ते आठवलं की मला स्वतःची चीड येते.

मागच्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका कॉलेजात नाणकशास्त्र शिकवणाऱ्या इंद्रायणीबाई सोलापूरला आल्या. या भागात कुठे कुठे रोमन नाणी आहेत, त्याची यादी त्या करत होत्या. सकाळी नऊला त्या दाजींच्या घरी आल्या. साडेअकराला आमचा मंद्रूपच्या शाळेत कार्यक्रम होता, मी गाडी घेऊन आलो होतो आणि नाणी न्यायला भीमाही सकाळच्या एसटीने आला होता.

बाईंनी सातही नाणी भिंगाखाली पाहिली, वजनं लिहून घेतली, एकदोनदा मान डोलावली. दाजी खुशीत होते. आठवं नाणं त्यांनी स्वतःच पुढे सरकवलं. "हे नमुन्यादाखल. ओतीव आहे."

बाईंनी ते घेतलं आणि खाली ठेवलंच नाही. खिडकीशी गेल्या, कड फिरवत राहिल्या. ताईने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मला आधी वाटलं, बाई उगाच विद्वत्ता दाखवताहेत. मग दाजींकडे पाहिलं तर ते मिशीवरून बोट फिरवत होते. काटा शून्यावर येत नसला की ते तसं करतात.

"मामा," बाई भीमाकडे वळून म्हणाल्या, "ह्याला कधी कडी होती का?"

"व्हती की," भीमा म्हणाला. "माज्या आईच्या गळ्यात असायचं ते, काळ्या दोऱ्यात. तिच्याबी सासूचं. हितं आणायच्या आदी मीच सोनाराकडनं कडी काढून घेतली. म्हनलं, सायबाला नाण्यावानी दिसाय पायजे. त्यानं कानस मारून साफ करून दिलं."

"आणि घासायच्या कशानं?"

"राखंनं. भांड्यांसंगं. रोजच घासायची म्हातारी, लई जपायची त्याला."

बाईंनी हळूच नाणं टेबलावर ठेवलं. भीमाने ते उचलून इतर नाण्यांबरोबर डब्यात घातलं आणि डबा घेऊन खाली गाडीकडे गेला. आपण काय सांगितलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दार लागल्यावर बाई म्हणाल्या, "सर, कानस एकाच जागी आहे, बरोब्बर बादशहाच्या डोक्यावर, कडी असते तिथं. साच्याचा सांधा असा एवढ्याशा जागेत नसतो. कडी जोडलेल्या डाखाचा कणही दिसला. कडेला बारीक चिरा आहेत, त्या हातोड्याच्या घावाने पडतात. वजन पिढ्यानपिढ्यांच्या घासण्यात गेलंय. नाणं खरं आहे."

 बाईंना पुढे अक्कलकोटला जायचं होतं. पर्स उचलताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी यादीत खरं म्हणून लिहीन. मामांना सांगायचं ते तुम्ही सांगा."

जिन्यात मी दाजींचा दंड धरला. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. सांगितलं तर लोक काय म्हणणार ते मला स्पष्ट दिसत होतं. निरीक्षकाने गरिबाचं नाणं खोटं ठरवलं आणि स्वतःच्या डब्यात ठेवलं. बारा वर्षं! कोण म्हणणार की चूक झाली? मी म्हणालो, "दाजी, आज काही बोलू नका. पुढच्या महिन्यात गुपचूप नाणं त्याला देऊन टाका. विकून देतो म्हणा. आता त्या पोरीची जागा थोडीच परत येणार आहे?"

"बाजारात एखाद्याचा काटा खोटा सापडला तर मी काय करायचो?"

"जप्त करायचात."

"कुठं?"

मी गाडीची किल्ली काढायला खिशात हात घातला.

"भर बाजारात," ते म्हणाले. "चार माणसांसमोर पंचनामा करून. दुकानदार हात जोडायचा, साहेब, आत चला म्हणायचा. मी एकदाही आत गेलो नाही."

"ते दुकानदार होते, दाजी. हे तुमचं घर आहे."

ते खाली उतरायला लागले. त्यांना कठडा धरून उतरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

विजापूर रोडला लागलो. भीमा मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसला होता आणि खुशीत बोलत होता. शालनने आज खिचडीत जादा शेंगदाणे घालायचं ठरवलं होतं, साहेब येणार म्हणून. हेडमास्तरांनी फळ्यावर साहेबांचं नाव रंगीत खडूने लिहिलं होतं. दाजी समोर बघत होते. मी आरशातून भीमाकडे बघायचं टाळत होतो आणि मनात म्हणत होतो, टायर पंक्चर होऊ दे, शाळेला सुट्टी लागू दे, काहीही होऊ दे.

काहीही झालं नाही. साडेअकराला आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो. दीडशे मुलं खाली बसली होती. शेवटी स्वयंपाकाची खोली, तिच्या दारात ओला हात पदराला पुसत शालन उभी होती. बापाचं कौतुक ऐकायला ती दर वेळी अशी उभी राहायची.

दाजींनी नेहमीसारखं सांगितलं. जहाजं, मिरी, कापड, बादशहाचं नाक. आवाज जरा कोरडा होता, तो मलाच कळत होता. मला आशा वाटू लागली की ते खोट्या नाण्याचा भाग गाळतील. पण भीमा आपण होऊन ताट घेऊन निघाला. रांगेतून फिरला. पुढच्या एका मुलीने झिजक्या नाण्यावर बोट ठेवलं. ताट दाजींपुढे आलं. दाजींनी नाणं उचललं आणि भीमाने हात वर केला.

"माजंच हाय ते."

मुलं हसली. दाजी हसू ओसरेपर्यंत थांबले.

"हे नाणं खरं आहे," ते म्हणाले.

मुलांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. एकदोघं पुन्हा हसली.

"हे खरं आहे. बारा वर्षांपूर्वी मी ह्याला खोटं म्हणालो. वजन कमी भरलं म्हणून म्हणालो. वजन का कमी आहे, कडेला कानस का आहे, हे मी भीमाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आज दुसऱ्यांनी विचारलं, त्यानं लगेच सांगितलं. चूक नाण्याची नाही, भीमाची नाही. माझी आहे."

भीमाचा हात अजून वरच होता. तो त्याने सावकाश खाली घेतला. हेडमास्तर चुळबुळले, मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मुलांनीही वाजवल्या, कारण मुलं वाजवतातच. मला त्या टाळ्यांनी कानकोंडं झालं. दाजींनी नाणं भीमाच्या तळहातावर ठेवलं. भीमा म्हणाला, "असू द्या, सायेब, असू द्या," आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते आनंदाचं नव्हतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलं ताटल्या घ्यायला उठली. त्या गर्दीतून शालन आमच्याकडे आली. तिशीची बाई, हाताला हळद लागलेली. ती बापाकडे वळली नाही, दाजींसमोर उभी राहिली.

"तवा इकलं असतं तर किती आलं असतं?"

मी पुढे झालो. म्हणालो, "आता त्याचं काय, शालन, बाजारभावाचं कुठं नक्की असतं..."

"अभिमन्यू, गप्प," दाजी म्हणाले. मग तिच्याकडे बघत, कुणी नाण्याची किंमत विचारली की ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, "वीस हजार. थोडं घासाघीस केली असती तर बावीस."

शालनने मान हलवली. भीमाने मूठ उघडून नाणं तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.

"फी अठराच व्हती," ती म्हणाली, आणि मुलांना वाढायला गेली.